देवळाचा उंबरठा आणि दिंडीची वाट

इरावतीबाई कर्वे ह्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ज्यांनी एकदा वाचला असेल, त्यांच्या मनातून त्यातील चुली सहसा जात नाहीत. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘परिपूर्ती’ ह्या संग्रहात हा लेख आहे. बाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर त्या पंढरपुरास चालत गेल्या. दिंडी एक, टाळ एक, तोंडी अभंग एकच. परंतु मुक्कामावर पोहोचताच ब्राह्मणांची चूल निराळी आणि मराठ्यांची निराळी. दिवसभर एका सुरात गाणारी माणसे रात्री एका पंक्तीस बसत नाहीत, हे पाहून बाईंस वाईट वाटले. त्या स्वतः मराठा बायकांबरोबर जेवल्या, आणि तेव्हापासून त्या बायका त्यांच्याशी अधिक मोकळेपणाने बोलू लागल्या. ज्या प्रदेशातील माणसे पंढरीस जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची एक नवी व्याख्याही त्यांना त्या वाटेवरच गवसली. ही व्याख्या पुढे पुष्कळांनी पुष्कळ ठिकाणी उचलली. चुलींची गोष्ट मात्र फारशी कोणी उचलली नाही.

धर्मसंप्रदायांचे आधुनिक समाजातील स्थान काय, ह्या विषयावर आपल्याकडे जे लेखन झाले आहे त्याचा विचार करताना प्रस्तुत लेखकास ह्या चुलींपासून आरंभ करावासा वाटतो. कारण बाकीचे बहुतेक लेखन चुलीपर्यंत पोहोचतच नाही. ते ग्रंथापाशी थांबते.

न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० साली मराठी सत्तेच्या उदयावर आपला इंग्रजी ग्रंथ लिहिला आणि त्यात संतांना एक स्वतंत्र प्रकरण दिले. युरोपात प्रॉटेस्टंट सुधारणेने जे केले तेच थोडेफार महाराष्ट्रात संतांनी केले, असा त्यांचा अभिप्राय. जातींमधील अंतर कमी झाले, देशभाषेस प्रतिष्ठा आली, आणि ह्या मशागत झालेल्या भूमीत शिवछत्रपतींचे राज्य उगवले, अशी ती मांडणी आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांस हे मान्य नव्हते. वारकरी संतांची शिकवण निवृत्तीची आणि म्हणून दुबळेपणाची, राष्ट्र उभारले ते समर्थांच्या महाराष्ट्रधर्माने, हा त्यांचा पक्ष. ह्या दोन पक्षांची भांडणे आपल्या व्याख्यानमालांनी वर्षानुवर्षे चवीने ऐकली आहेत. वरवर पाहता ती दोन टोके वाटतात; परंतु दोघांच्याही तराजूत वजन एकच आहे, आणि ते म्हणजे राज्य. संप्रदायाने राज्यास साहाय्य केले की नाही, एवढाच प्रश्न. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० साली आणि शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला १६७४ साली. पावणेचारशे वर्षांपूर्वी नेवाशास बसून कोणी भावी राज्याची मशागत करीत होते, असे मानावयास फार मोठी श्रद्धा लागते. तेवढी श्रद्धा वारकऱ्यांपाशीही नसेल.

ह्या तराजूतून विषय प्रथम बाहेर काढला तो प्रा. गं. बा. सरदारांनी. ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ हे त्यांचे पुस्तक १९५० साली निघाले. देवळात पोथी ऐकणाऱ्या वाचकांस फलश्रुती म्हणजे काय हे सांगावयास नको. पोथी संपली की वाचणाऱ्यास आणि ऐकणाऱ्यास काय लाभेल ते तिच्या शेवटी सांगितलेले असते. सरदारांनी हा शब्द मोठ्या मार्मिकपणे योजला आहे. समाजास ह्या पोथीपासून काय लाभले, हा त्यांचा प्रश्न. आणि त्यांचे उत्तर प्रामाणिक आहे. संतांनी माणसास माणूस म्हणून ओळखले, स्त्रीशूद्रांस आत्मसन्मान दिला. परंतु ही समता ईश्वरासमोरची राहिली, समाजरचनेस तिने हात घातला नाही, आणि त्या काळात तो घालणे शक्यही नव्हते. संतांचे देव्हारेही नकोत आणि त्यांस आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करू नये, ही त्यांची समतोल वृत्ती आजही अनुकरणीय वाटते.

तथापि एक उणीव राहतेच, आणि ती पुस्तकाच्या नावातच दिसते. सरदार वाङ्मयाची फलश्रुती शोधतात. संप्रदाय म्हणजे केवळ वाङ्मय नव्हे. अभंग वाचून कोणी वारकरी होत नाही. तुळशीची माळ गळ्यात घालावी लागते, एकादशी धरावी लागते, मद्यमांस सोडावे लागते, आणि वारी चुकवून चालत नाही. ह्या चार गोष्टी केल्या की तो वारकरी; त्याचे कुळ विचारण्याचे कारण नाही. वाटेत दोघे भेटले तर दोघेही एकमेकांच्या पाया पडतात, वयाचा आणि जातीचा क्रम तेथे पाळला जात नाही. जन्माने मिळणाऱ्या गोष्टींनी गच्च भरलेल्या समाजात केवळ आचरणाने मिळणारी एक ओळख, हे संप्रदायाचे खरे सामाजिक कार्य होय. ते अभंगात शोधण्यापेक्षा दिंडीच्या रचनेत शोधावे, कारण अभंगात जे म्हटले आहे त्यापैकी किती अंगी उतरले आणि किती वाऱ्यावर गेले, ह्याचा हिशेब तेथेच मिळतो.

आणि ही रचना कोणी केली, हे आमच्या वाचकांस मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण ह्या मासिकाचे वाचक ज्या गावी विखुरलेले आहेत त्यांपैकी दोघांचा तीत हात आहे. तुकोबांचे पुत्र नारायणमहाराज ह्यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीचा सोहळा स्वतंत्रपणे निघू लागला तो हैबतबाबा आरफळकरांमुळे. हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करातून आलेल्या ह्या भक्ताने पालखीस लष्कराची शिस्त लावली. दिंड्यांचे क्रम ठरले, तंबू, घोडे, चोपदार आले. घोडे आणि तंबू ह्यांची सेवा केली ती बेळगाव भागातील अंकलीच्या शितोळे सरकारांनी, आणि माउलींचे अश्व आजही अंकलीहूनच येतात. समाजआरतीच्या वेळी चोपदाराने चोप उंचावताच हजारोंचा टाळमृदंग एका क्षणात थांबतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला टाळकुटेपणाचा आक्षेप ऐकून हसू येईल. राजवाड्यांस जी संघटना हवी होती ती त्यांच्या डोळ्यांदेखत दरवर्षी पुण्याहून जात होती. फक्त तिच्या हाती भाला नव्हता.

परंतु त्याच शिस्तीत दुसरेही काही ठरले. कोणाची दिंडी रथापुढे, कोणाची मागे, हे मान वंशपरंपरेने चालू लागले. फडांच्या गाद्या झाल्या. आणि अस्पृश्य मानलेल्यांची दिंडी सोहळ्याच्या मुख्य ओळीत नसे, ती वेगळी चाले. जन्म दारातून घालवून दिला तरी तो खिडकीतून आत येतो, तसे हे झाले. इरावतीबाईंनी पाहिलेल्या चुली ह्याच रचनेतील होत.

दि. बा. मोकाशी ह्यांचे ‘पालखी’ १९६४ चे. मोकाशी पुण्याचे कथाकार. पोटासाठी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवीत. १९६१ साली ते पालखीबरोबर चालले ते भक्त म्हणून नव्हे आणि शास्त्रज्ञ म्हणूनही नव्हे. ज्याला देवाविषयी निश्चित काही म्हणता येत नाही आणि ज्याला तरीही घरी बसवत नाही, अशा माणसाचे हे पुस्तक आहे. पायांचे फोड, पावसाने भिजलेली वळकटी, कीर्तनात आलेला कंटाळा, हे सर्व त्यात आहे. आणि म्हणूनच त्यातील श्रद्धाळू माणसे खरी वाटतात. पुस्तकाचा दोष सांगावयाचा तर मोकाशी वारकऱ्यांस ‘का येता?’ असे पुनःपुन्हा विचारतात. ज्याच्या घरी तीन पिढ्या वारी आहे त्याला हा प्रश्न ‘जेवता का?’ अशासारखा वाटत असावा. त्याला उत्तर सुचत नाही, आणि लेखकास ते उत्तर नसणेच अर्थपूर्ण वाटू लागते. परंतु इतके असूनही रानडे, राजवाडे, सरदार ह्यांच्या ओळीत ह्या लहानशा पुस्तकास बसविले पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. कारण ह्यात संप्रदाय चालताना दिसतो.

मात्र चालणाऱ्या संप्रदायास शेवटी कोठेतरी थांबावे लागते, आणि तो थांबतो देवळाच्या दारात. पंढरपुरी महाद्वारासमोर नामदेवाची पायरी आहे आणि तिच्याजवळ चोखोबांची समाधी. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्यास वेशीची भिंत अंगावर पडून गेले, असे परंपरा सांगते. त्यांचे अभंग सहाशे वर्षे दिंडीत गाइले गेले, आणि त्यांच्या जातीची माणसे सहाशे वर्षे त्यांच्या समाधीपाशीच अडविली गेली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरास तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपोषण केले, तेव्हा कोठे ते दार उघडण्याचे ठरले. हे उपोषण ज्या मठात झाले तो वारकऱ्यांचाच, आणि ज्यांनी त्या उपोषणास विरोध केला त्यांतही माळकरी होते. एकच संप्रदाय दोन्ही बाजूंस उभा होता, ही गोष्ट संतांचे देव्हारे माजविणाऱ्यांनी आणि त्यांची निंदा करणाऱ्यांनी सारखीच विसरू नये. गाडगेबाबांनी पंढरपुरास बांधलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती गेली. आंबेडकरांनी १९४८ चे आपले अस्पृश्यांविषयीचे पुस्तक ज्या तिघा संतांस अर्पण केले त्यांत चोखोबा आहेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास ते बौद्ध झाले. ह्या दोन गोष्टींत आठ वर्षांचे अंतर आहे. चोखोबांविषयी आदर होता, परंतु चोखोबांप्रमाणे दारात उभे राहण्याची तयारी नव्हती. ज्या घरात आजोबांची तसबीर लावली आहे पण नातवास बसावयास पाट नाही, त्या घरी नातू किती दिवस येणार?

दार उघडल्यानंतर गाभाऱ्याचा प्रश्न उरला होता. पंढरपूर मंदिरांविषयीचा कायदा १९७३ साली झाला, तंटा न्यायालयात चालला, आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडवे व उत्पात ह्यांचे वंशपरंपरागत हक्क संपल्याचे कायम केले. त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारी नेमण्यासाठी सर्व जातींतील लोकांकडून आणि स्त्रियांकडूनही अर्ज मागविले. जे दिंडीने करावयास हवे होते ते कायद्याने केले, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु कायद्याने हक्क काढून घेतले तेव्हा पंढरीस येणारा वारकरी एका दिवसाने कमी झाला नाही, हेही तितकेच खरे. देव बडव्यांचा म्हणून तो येत नव्हता.

गोमंतकात गोष्ट निराळी आहे, आणि येथे आमच्या वाचकांनी थोडे जवळ येऊन ऐकावे.

आमची देवळे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात पाडली आणि देव नदी ओलांडून अंत्रुज महालात आले. मंगेश कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळोशीहून, म्हाळसा वेर्ण्याहून. देव घेऊन पळणारी जी कुटुंबे होती त्यांनी जीव धोक्यात घालून तो वाचविला. त्यामुळे देव त्यांचा झाला, आणि ते महाजन झाले. ह्या हक्कास पोर्तुगीज सरकारने १८८६ साली कायद्याचे रूप दिले, १९३३ साली तो कायदा सुधारला, आणि गोवा मुक्त झाल्यावरही तो चालत राहिला. महाजनांची नोंदवही असते, मुखत्यार निवडले जातात, जन्माने ज्याचे नाव त्या वहीत येते तो महाजन. ही व्यवस्था निंद्य आहे असे म्हणण्याचा हेतू नाही. परक्या राजवटीत देऊळ, त्याची जमीन, त्याचे दागिने आणि त्याचे उत्सव ज्यांनी सांभाळले त्यांचे ऋण लहान नाही. परंतु देवालय जन्मावर उभे आहे आणि संप्रदाय आचरणावर, ही दोन तत्त्वे आहेत. आणि पंढरपुरास जी एकमेकांपासून निदान पाचपन्नास कोस दूर चालतात ती आमच्याकडे एका छपराखाली नांदतात. कारण आमचा संप्रदाय वाटेवर नाही, तो देवळाच्या चौकात बसतो. त्याचे नाव भजनी सप्ताह.

वास्कोचा दामोदर सप्ताह एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी साथीच्या दिवसांत सुरू झाल्याचे सांगतात. धंद्याधंद्यांचे पार वाजतगाजत येतात आणि अहोरात्र भजन चालते. मडगावच्या दिंडीनेही शंभरी ओलांडली. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले आणि हिंदूंस मोकळेपणाने उत्सव करता येऊ लागले, त्यानंतर तर गावोगाव भजनाचे फड रंगू लागले. बोलणे कोंकणीत आणि अभंग मराठीत, ह्या व्यवस्थेवर पुढे वर्तमानपत्रांतून रणे माजली; चौकात बसून पखवाजावर थाप पडली की ते भांडण कोणास आठवत नाही. असो, तो विषय वेगळा.

ज्या गोष्टीमुळे हा लेख लिहावासा वाटला ती घरची आहे. माझे आजोबा आमच्या गावच्या देवळाचे महाजन होते आणि पंढरीचे वारकरीही होते. १९५५ नंतर सरहद्द बंद झाली तेव्हा त्यांच्या काही वाऱ्या चुकल्या. त्याची रुखरुख त्यांना शेवटपर्यंत होती. गोवा मुक्त झाल्यावर ते पुन्हा जाऊ लागले. पंढरीहून आले की वाटेतल्या गोष्टी सांगत. कोणा अनोळखी धनगराने त्यांच्या पायावर डोके ठेवले आणि त्यांनी त्याच्या पायावर ठेवले, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येत असे. श्रावणात आमच्याकडे सप्ताह बसे. गावात एक पखवाजी होता. त्याच्यासारखा हात साऱ्या महालात नव्हता. त्याची जात लिहिण्याचे प्रयोजन नाही. चौकात येण्याची त्याला मुभा नव्हती, एवढे पुरे. मध्यरात्रीचा प्रहर त्याचा असे, आणि तो पायऱ्यांखाली, कांबळे पांघरून, गळ्यात पखवाज बांधून उभ्याने वाजवी. आत टाळ, बाहेर पखवाज, मध्ये पाऊस. मी आठनऊ वर्षांचा असेन. आजोबांस विचारले की, पंढरीच्या वाटेवर हा भेटला असता तर तुम्ही ह्याच्या पाया पडला असता ना? ते म्हणाले, “पडलो असतो.” मग येथे तो बाहेर का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग कोंकणीत म्हणाले, “पुता, थंय देव वाटेर आसता. हांगा तो आमगेर आसा.”

हे उत्तर मला त्या वेळी पटले. पुढे सरदारांचे पुस्तक वाचताना, आणि इरावतीबाईंच्या चुली वाचताना, ते पुनःपुन्हा आठवत राहिले. आजोबा ढोंगी नव्हते. दोन्ही ठिकाणी ते मनापासून वागत होते. सरदार ज्याला संतांच्या समतेची मर्यादा म्हणतात ती मर्यादा म्हणजे कोणा संताच्या विचारातील उणीव नसून देव आपल्या घरी राहतो ही माझ्या आजोबांची प्रेमळ भावना होती, असे म्हटले तर विचित्र वाटेल. परंतु तसे ते आहे. ज्यावर आपण फार प्रेम करतो त्याचे दार लावून घ्यावेसे वाटते.

आजच्या काळात संप्रदायांस तोटा नाही. सभागृहे भरवणारे आणि दूरचित्रवाणीवर बोलणारे महाराज पुष्कळ आहेत. त्यांच्या श्रोत्यांस जात कोणी विचारीत नाही, हेही खरे. परंतु जेथे कोणास काही सोडावे लागत नाही आणि शेजारच्याचे नावही कळत नाही, त्या समतेची किंमत सिनेमागृहातील समतेइतकीच. तेथेही तिकीट काढले की जात विचारीत नाहीत. संप्रदायाची कसोटी गर्दीत नाही. २०२० साली साथीमुळे संतांच्या पादुका एस.टी. गाडीतून पंढरपुरास गेल्या, लाखोंची वाट रिकामी पडली. तरीही घरोघरी एकादशी झाली आणि माळ कोणी उतरविली नाही. अशा वेळी संप्रदाय दिसतो.

मागल्या श्रावणात मी गावी होतो. सप्ताह तसाच बसला. चौकात आता कोणीही बसतो. कायद्याने ते कधीच झाले होते, गावाने ते हळूहळू केले, कधी झाले ते कोणी सांगू शकत नाही. मध्यरात्रीचा प्रहर त्याच पखवाज्याच्या नातवाकडे होता. तो शिकलेला, नोकरी करणारा मुलगा आहे. गळ्यात माळ, दरवर्षी पायी वारी. समईजवळ बसून त्याने जो पखवाज वाजविला तो ऐकताना माझ्या शेजारचे वृद्ध महाजन डोळे पुसत होते. सप्ताहाची सांगता झाली. तीर्थप्रसादासाठी नावे पुकारण्यास सुरुवात झाली ती वहीच्या क्रमाने. प्रथम महाजन, मग कुळावी, मग इतर. माझे नाव बरेच आधी आले. मी प्रसाद घेऊन मागे वळलो तेव्हा तो मुलगा चौकाच्या कोपऱ्यात बसून पखवाजाच्या डाव्या तोंडावरची वाळलेली कणीक नखाने खरवडून काढीत होता.